पडदा कधी उघडायचा?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींचा फोन आला की तुमच्या कामाबद्दल अर्धा तास बोला. आम्ही म्हटलं, सरकारी कर्मचाऱ्याचं काम ऐकायला कोण येणार? ते म्हणाले, नंतर साबुदाण्याची खिचडी आहे, येतील. तेव्हा खिचडीपर्यंतचा वेळ आमचा.

भाषणात सारखं 'आम्ही' येईल. स्वतःला मोठेपणा घेतोय असं समजू नका. आमच्या कार्यालयात हे काम तिघं मिळून करतो. एक सांख्यिकी शाखेतले, एक ताई डेटा एन्ट्रीवरून आलेल्या, आणि एक पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, तो हा तुमच्यापुढे उभा आहे. चुका तिघांच्या, सह्या तिघांच्या, म्हणून आम्ही. विभागाचं नाव सांगणार नाही, कारण नोकरी अजून बरीच वर्षं करायची आहे.

काम असं की सरकारी योजनांचं सॉफ्टवेअर आम्ही बनवत नाही. ते टेंडर काढून कंपनीकडून बनवून घेतात. बनलं की ते लोकांसाठी सुरू होण्याआधी आमच्याकडे येतं, आणि आम्ही ते वापरून बघतो. कधी अर्जदार होऊन, कधी पटवारी होऊन, कधी जनपदचे बाबू होऊन. जन्मतारखेत ३१ फेब्रुवारी टाकतो. मोबाईल नंबरच्या जागी नाव टाकतो. एकच अर्ज दोनदा भरतो. लाइट गेल्यासारखं मधेच मशीन बंद करतो. घरी पोरं हेच करतात तेव्हा ओरडा खातात, आम्हाला त्याचा पगार मिळतो. याला टेस्टिंग म्हणतात.

लोकांना वाटतं की टेस्टिंगवाले 'ठीक आहे' म्हणाले की सॉफ्टवेअर सुरू होतं आणि 'नाही' म्हणाले की थांबतं. सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटायचं, छाती जरा फुगायची. तसं नसतं. आपल्या मंडळात दरवर्षी नाटक होतं ना, त्यात विंगेत एक प्रॉम्प्टर उभा असतो. पडदा कधी उघडायचा हे तो ठरवत नाही, ते दिग्दर्शक ठरवतो. पण दुसऱ्या अंकातलं ते मोठं वाक्य नायकाला अजून येत नाही, हे साऱ्या सभागृहात नक्की कोणाला माहीत असतं, तर प्रॉम्प्टरला. आमची जागा विंगेतली. प्रश्न एवढाच राहतो की जे माहीत आहे ते दिग्दर्शकाला कधी आणि कसं सांगायचं. तो प्रश्न आम्ही एकदा चुकवला. तेच सांगायला आलोय.

त्याआधी थोडं आपल्या आडनावांबद्दल. काळे, खळे, फाळके, टिळक, सगळ्यांत ळ. हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही. खुद्द होळकरांचं या शहरात होलकर झालं, कॉलेजची पाटी बघा, स्टेडियमची बघा. तिथं आपली काय कथा! त्यामुळे आपल्या घरात एका पेटीत दोन तऱ्हेचे कागद असतात. आजोबांच्या कागदावर काळे, रेशनकार्डावर काले, पासबुकावर इंग्रजी. माणसाला ते एकच घर दिसतं. कॉम्प्युटरला दिसत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. युनिकोड नावाच्या पद्धतीत ल चा नंबर ०९३२ आणि ळ चा ०९३३. शेजारी आहेत, पण घरं वेगळी. काळे आणि काले म्हणजे त्याच्यासाठी दोन परकी माणसं. हिंदी मंडळींचीही यातून सुटका नाही. त्यांचा ड़ दोन प्रकारे साठवता येतो, एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा ड आणि त्याखालचा नुक्ता असे दोन तुकडे जोडून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, डोळे फोडून बघितलं तरी फरक कळत नाही, आणि कॉम्प्युटर म्हणतो नाव जुळत नाही. इथं दाते मंडळी असतील तर त्यांचं दुःख आणखी निराळं. इंग्रजीत दाते म्हणजे डी-ए-टी-ई. एका सॉफ्टवेअरने आमच्यासमोर त्याचं 'डेट' करून दाखवलं. नावाच्या रकान्यात तारीख!

आता मूळ गोष्ट. काही वर्षांपूर्वी पेन्शनच्या एका योजनेसाठी नवं सॉफ्टवेअर आलं. म्हातारी माणसं, विधवा बायका, त्यांच्या खात्यात दरमहा पैसे जातात ती योजना. जुन्या यादीतलं नाव आणि बँकेतलं नाव मशीनने जुळवून बघायचं, जुळलं तर पैसे, नाही जुळलं तर अर्ज रद्द. खोटी नावं गाळायची होती, हेतूत काही वाईट नव्हतं. लॉन्चची तारीख ठरलेली, मंत्री येणार, पत्रिका छापून तयार. आमच्या हातात सॉफ्टवेअर पडलं ते अकरा दिवस आधी.

सहाव्या दिवशी ळ सापडला. सापडायचाच होता, तिघांत एक मराठी आहे आणि त्याने पहिल्यांदा आपल्याच घरची नावं टाकून बघितली. आम्ही साहेबांना सांगितलं. कसं सांगितलं? चहाच्या वेळी, कॉरिडॉरमध्ये. "सर, काही नावं जुळत नाहीत." साहेब म्हणाले, कंपनीला सांगा, करून देतील. कंपनीच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "अगली बिल्ड में आ जाएगा." अशा रीतीने आमच्या मते आम्ही सगळ्यांना सांगून झालं होतं.

दहाव्या दिवशी एक छापील फॉर्म आला. त्यात दोन ओळी. चाचणी पूर्ण झाली, हो किंवा नाही. सॉफ्टवेअर समाधानकारक आहे, हो किंवा नाही. खाली तिघांच्या सह्यांची जागा. आम्ही दोन्ही ठिकाणी 'हो' वर खूण केली. का केली याचं उत्तर आज इतक्या लोकांसमोर द्यायला संकोच वाटतो, पण देतो. 'नाही' लिहिलं असतं तर मंत्र्यांचा कार्यक्रम तीन बाबूंच्या सहीमुळे अडला असता, आणि तेवढी हिंमत आमच्यात नव्हती. शिवाय मनाची समजूत घातली की तोंडी सांगितलं तर आहेच. फॉर्मवर तिसरा रकाना नव्हता, आणि कागदाच्या खाली बरीच कोरी जागा होती हे आम्हाला सुचलं नाही. किंवा सुचलं, पण लिहिलं नाही. आता नक्की आठवत नाही, आणि आठवत नाही हेही बरंच आहे.

पुढच्या महिन्यात पैसे गेले नाहीत अशी माणसं कार्यालयात येऊ लागली. एक आजी तर आमच्या घरीच आल्या, आमच्याच वस्तीतल्या. आडनाव सांगत नाही, ळ असलेलं एक समजा. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद, क्रमाने लावलेले. पेन्शनची रक्कम म्हटलं तर लहान, पण त्यांच्या औषधांचा हिशेब तिच्यावर होता. त्या म्हणाल्या, "अरे, मी काळे की काले ते सरकारने ठरवावं, मी दोन्ही व्हायला तयार आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण ळ काढून टाकायचा तर अर्ज कोणाच्या नावाने करू? यांचं नाव आहे रे ते." आम्ही त्यांना सांगितलं की सिस्टीममध्ये अडचण आहे, होईल. ती अडचण आम्हाला त्यांच्या आधी दीड महिना माहीत होती, हे सांगितलं नाही. त्यांचे पैसे सुरू व्हायला तीन महिने गेले.

चौकशीच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, टेस्टिंगमध्ये हे दिसलं नव्हतं? आम्ही म्हटलं, सर, सांगितलं होतं. ते म्हणाले, कागद कुठे आहे? फाइल उघडली, तर आत आमच्या तीन सह्या आणि दोन 'हो'. त्या दिवशी साहेबांचा फार राग आला होता. आता तितका येत नाही. कॉरिडॉरमधल्या वाक्यावर कोणी लॉन्च थांबवू शकत नाही, आणि 'काही नावं' म्हणजे किती, कोणाची, त्यांचं काय होणार, यातलं आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही जरा वाचायला लागलो. दुसऱ्या देशांत काय होतं? बरं वाटलं असं म्हणणं चूक, पण आपण एकटे नाही एवढं कळलं.

इंग्लंडमध्ये टीएसबी नावाची बँक आहे. तिचे सुमारे ५० लाखांवर ग्राहक. एप्रिल २०१८ मधल्या एका शनिवार-रविवारी तिने सगळी खाती जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीमवर नेली. सोमवार उजाडायच्या आत गोंधळ. १९ लाखांपर्यंत लोकांना स्वतःचं खातंच उघडेना. सगळं पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. पुढे स्लॉटर अँड मे या वकिलांच्या फर्मने चौकशी करून नोव्हेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. नव्या सिस्टीमची दोन डेटा सेंटरं होती, आणि महत्त्वाच्या चाचण्या त्यांतल्या एकावरच झाल्या होत्या. कामाचं वेळापत्रक आधी शेवटची तारीख धरून तिथून मागे आखलेलं होतं. हे वाचून आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसलो, आम्हाला वाटत होतं ही पद्धत फक्त आपल्याकडे आहे. संचालकांनी विचारायला हवे ते प्रश्न विचारले नाहीत, हाही ठपका अहवालात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला. आणि एप्रिल २०२३ मध्ये बँकेच्या माहिती तंत्रज्ञान प्रमुखाला, कार्लोस अबार्का यांना, व्यक्तिशः ८१,६२० पौंड दंड झाला. ज्या कंपनीने सिस्टीम चालवायची होती तिची तयारी खरंच झाली आहे का, याची खात्री त्यांनी पुरेशी करून घेतली नाही म्हणून. म्हणजे सही करणाऱ्याचीही जबाबदारी धरली गेली. आमच्या ताईंनी तो आकडा रुपयांत करून बघितला आणि म्हणाल्या, आपल्याला जन्मभर फेडता येणार नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. आरोग्य विमा घेण्याची सरकारी वेबसाइट, १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू व्हायची होती. तारीख जाहीर झालेली. त्या दिवशी लाखो लोक आले आणि साइट बसली. पहिल्या दिवशी पूर्ण नोंदणी किती जणांची झाली, तर सहा जणांची. लाख नाही, हजार नाही, सहा. त्याच महिन्यात कंपन्यांना संसदेच्या समितीपुढे बोलावलं. त्यांनी सांगितलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं एकत्र जोडून चाचणी झाली ती शेवटच्या दोन आठवड्यांत, खरं तर महिने हवे होते.

पण आम्हाला त्यातला एक कागद जास्त मोलाचा वाटला. २७ सप्टेंबर २०१३ ची, सुरू होण्याच्या चार दिवस आधीची टिप. विभागाच्या प्रमुख मेरिलिन टॅव्हेनर यांच्यासाठी लिहिलेली. सुरक्षेची चाचणी पुरी झालेली नाही, काम अजून चालू असल्याने काही भाग तपासताच आले नाहीत, आणि त्यामुळे धोका मोठा मानावा लागेल, असं त्यात सरळ लिहिलं होतं. सोबत, तरी सुरू करायचं तर काय काळजी घ्यावी लागेल तेही. टॅव्हेनरबाईंनी वाचून सहा महिन्यांपुरती परवानगी सही केली. निर्णय बरोबर की चूक, यावर तिथं बरंच भांडण झालं. पण टिप लिहिणाऱ्यांनी जे माहीत होतं ते, ज्याने ठरवायचं त्याच्यापुढे, ठरवण्याच्या आधी, कागदावर ठेवलं होतं. आमच्या फाइलीत हेच नव्हतं.

आपल्याकडे तशी व्यवस्था नाही असं नाही. सरकारी साइट सर्व्हरवर चढवण्याआधी सर्ट-इनच्या यादीतल्या ऑडिटरकडून सुरक्षेची तपासणी करून 'सेफ टू होस्ट' प्रमाणपत्र घ्यावं लागतं. केंद्र सरकारचं एसटीक्यूसी आहे, ते सॉफ्टवेअरची चाचणी आणि प्रमाणन करतं. पण सेफ टू होस्ट म्हणजे चोर आत शिरणार नाही एवढंच. घरातल्या आजीला दार उघडेल की नाही, ते त्या प्रमाणपत्रात बघत नाहीत. ते आमच्यासारख्यांनी बघायचं.

पुढल्या खेपेला, दुसऱ्या योजनेचं, पण नाव जुळवण्याचा तोच प्रकार असलेलं सॉफ्टवेअर आलं. तेव्हा आम्ही ठरवलं होतं की या वेळी 'नाही' लिहायचं. सूड म्हणा हवं तर. नोटशीट तयार केली. ताईंनी ती वाचली आणि विचारलं, "थांबवा असं लिहायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?" त्यावर आमची अर्धा तास वादावादी झाली. शेवटी 'थांबवा' काढलं. एका पानात लिहिलं की काय तपासलं. काय तपासलं नाही आणि का नाही. एका वॉर्डातले चाळीस खरे अर्ज घेऊन बघितले तर सहा चुकून रद्द झाले, त्यातली चार नावं ळ ची, एक ड़ चं, एकात नावामागे 'श्रीमती' लागलेलं. या सहा जणांना त्या महिन्यात पैसे मिळणार नाहीत, आणि का मिळाले नाहीत हे त्यांना कोणी सांगणार नाही, कारण रद्द झाल्याचा मेसेज जायची सोयच नाही. फॉर्मवर तोच 'हो-नाही'चा रकाना होता. तिथं लिहिलं, "सोबतचं पान बघावं."

त्या वेळी साहेबांच्या जागी मॅडम आल्या होत्या. त्यांनी पान दोनदा वाचलं, बोलावून घेतलं आणि विचारलं, सगळ्या जिल्ह्यात असे किती निघतील? रद्द झालेला अर्ज परत जिवंत करता येतो का? आणि थांबलो तर काय होईल, याचा विचार केलाय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आम्ही दोन दिवसांत आणून दिली. तिसऱ्याचं मॅडमनीच दिलं. जुनं सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर होतं त्याचा करार महिनाअखेरीस संपत होता आणि तो बंद होणार होता. नवं सुरू झालं नसतं तर सहा जणांचे नाही, चाळीसच्या चाळीस जणांचे पैसे थांबले असते. हे आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. आमच्या रागाने लिहिलेली पहिली नोटशीट मान्य झाली असती तर काय झालं असतं, हे आठवून अजूनही पोटात गोळा येतो.

मॅडमनी तारीख बदलली नाही. नाव जुळलं नाही तर अर्ज रद्द करायचा नाही, बाजूच्या यादीत टाकायचा, पैसे चालू ठेवायचे आणि माणसाने डोळ्यांनी बघून ठरवायचं, एवढा एक बदल कंपनीकडून चार दिवसांत करून घेतला. ळ आणि ल चा मूळ दोष तसाच होता, तो सुधारायला पुढे तीन महिने लागले. पहिल्या महिन्यात फक्त दोन ब्लॉकांत सुरू केलं. यातलं काहीच आम्हाला सुचलं नसतं. आम्हाला 'सुरू' आणि 'बंद' एवढंच दिसत होतं.

आणि सगळं सुरळीत झालं असं समजू नका. सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी केंद्रांवरून फोन यायला लागले. पावतीवर मात्रांच्या जागी चौकोन छापले जात होते, 'किशोरी'चं काहीतरी भलतंच दिसत होतं. धावत मॅडमकडे गेलो. त्यांनी आमचं पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "छपाई: तपासली नाही. प्रिंटर मिळाला नाही." म्हणाल्या, "तुम्ही लिहिलं होतं, आणि मी प्रिंटर मागवला नाही." दुपारपर्यंत फॉन्टची दुरुस्ती झाली. कोणी कोणावर ओरडलं नाही. सरकारी कार्यालयात हे किती दुर्मिळ आहे, ते इथं बसलेल्या निवृत्त मंडळींना सांगायला नको.

तेव्हापासून एका पानाची सवय लागली. प्रत्येक वेळी कोणी वाचतंच असं नाही. एकदा वाचलं नाही, तसंच सुरू केलं, आणि काही बिघडलंही नाही, तेव्हा आम्ही थोडे खजील झालो. एकदा वाचून तारीख तीन आठवडे पुढे नेली. कंपनीची मुलं आम्हाला घाबरत नाहीत, पण आता बग सांगितला की तो पानावर जाणार हे त्यांना माहीत आहे, म्हणून 'अगली बिल्ड' जरा लवकर येते.

वेळ संपत आली, आतून खिचडीचा वास येतोय. एक काम तुमच्याकडे आहे. आम्ही टेस्टिंगसाठी नावांची एक यादी ठेवतो, मशीनला अडखळवणारी नावं. ळ ची आहेत, ऱ्हची आहेत, दाते आहेत, साठे आहेत, लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव दोन्ही कागदांवर असलेल्या बायका आहेत. ज्या आजींबद्दल सांगितलं त्यांचं नाव यादीत पहिलं आहे, त्यांना विचारून घातलंय. तुमच्या आडनावाने सरकारी कागदावर किंवा बँकेत काही गोंधळ केला असेल, तर बाहेर चपलांच्या रॅकपाशी आमच्या ताई वही घेऊन बसल्या आहेत. फक्त आडनाव आणि काय गोंधळ झाला तेवढं सांगा, आधार नंबर, खातं नंबर काही देऊ नका. नवीन सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यात यायचं आहे.